पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा

२६ सप्टेंबर २०११, सोमवार

अखेर पनवेलकर झालो. सामान वर चढलं, गॅस जोडला, आईनं नव्या घराच्या रीतीप्रमाणे दूध उतू घालवलं आणि शेगडी पुसता पुसता मलाच बोलणी घातली, की नुसता बघत काय उभा राहिलास. नवीन पनवेलच्या सेक्टरातली दुसऱ्या मजल्यावरची ही दोन खोल्यांची जागा मला एकदम पसंत आहे. खिडकीतून समोर अगदी आमच्यासारखीच इमारत दिसते आणि तिच्यामागे तशीच आणखी एक. आईला धास्ती, की भाजी घेऊन परतताना आपण भलत्याच घरात शिरणार.

लांजा सोडताना ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. उलट एसटीत शेजारच्या बाईला सांगत होती, की आमचा जीवन आता पनवेलला कॉम्प्युटरचा डॉक्टर म्हणून लागला. मी झोपेचं सोंग घेतलं. बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. तिला मागे ठेवून येण्याचा विचारही मला करवला नाही, आणि हे तिला तोंडावर सांगण्याची हिंमतही नाही.

उद्यापासून 'उन्नती संगणक केंद्र'. तिथली सगळी मशीनं माझ्या ताब्यात.

रत्नागिरीच्या दुकानात होतो तेव्हापासून मी डायरी लिहितो. कारण धंद्याचं आहे. मशीन बिघडवून आणणारा प्रत्येक माणूस सांगतो, की मी काहीच केलं नाही, आपोआप झालं. आपोआप काही होत नसतं. कोण काय बोललं ते त्याच दिवशी टिपून ठेवलं की पुढे थाप पकडता येते. आई म्हणते, असा संशयी नवरा कोण करून घेणार. बघू.

२७ सप्टेंबर, मंगळवार

केंद्र जुन्या पनवेलमध्ये आहे, एका साड्यांच्या दुकानाच्या वर. मालक तुळशीराम घरत. गव्हाणचे, गळ्यात जाड साखळी, पांढरे बूट. सगळे त्यांना शेठ म्हणतात. स्वतःला कॉम्प्युटर येत नाही हे ते अभिमानानं सांगतात. त्यांच्या मते मालकाला माणसं ओळखता आली की पुरे. मला त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, तुमी डोक्यानं बरे हाव पण तोंडानं कडू हाव. खरं आहे, नाकारत नाही.

दुसरी दिपा. मुलांना टायपिंग शिकवते आणि मुख्य मशीन सांभाळते. बेलपाड्याची. लग्नाला दोन वर्षंही झाली नसतील, कारण बोलण्यात दर वाक्याला 'आमचे हे' येतात. हे भरत, कुठल्याशा गोदामात कामाला. डबा दोघांचा तीच भरते आणि भेंडीत मीठ जास्त झालं तर दुपारी फोन करून त्यांची माफी मागते. हसून हसून पोट दुखलं.

तिसऱ्या हौसाबाई. उरणकडच्या कोळीण. झाडलोट करतात, चहा करतात आणि कुणी कोणतं फडकं कुठे टाकलं हे महिनाभर विसरत नाहीत. मशीनला हात लावत नाहीत. धूळ झटकतात तीही लांबून, कोंबड्याच्या पिसांच्या झाडणीनं.

मशीनं जुनी आहेत पण बरी आहेत. मला इथे आवडणार.

३ ऑक्टोबर, सोमवार

मुख्य मशीनची डिस्क भरली. सगळ्या विद्यार्थ्यांची माहिती तिच्यावर. शेठनी नवी मोठी डिस्क आणली, पण मशीनला ती अर्धीच दिसते. दोष डिस्कचा नाही, बायोसचा.

बायोस म्हणजे काय ते शेठना असं समजावलं: मशीन सकाळी जागं होतं तेव्हा सगळ्यात आधी हा उठतो. तोच मशीनला सांगतो, की तुझं घर हे, तुझी माणसं ही, आज वार अमुक. एवढीशी चिप, तिच्यात तो राहतो. तो जुना झालाय, त्याला नवा करावा लागेल. काम दहा-पंधरा मिनिटांचं, पण मध्ये वीज गेली तर तो ना जुना राहतो ना नवा.

शेठ म्हणाले, दसऱ्याला करा. क्लास बंद असतो, दिवस चांगला. मला काय, दसरा तर दसरा.

६ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

राग अजून उतरलेला नाही.

इथली रीत अशी, की दसऱ्याला सगळी मशीनं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ओळीनं मांडायची. आणि पूजा होईपर्यंत हत्यार थंड पाहिजे, चालू हत्याराची पूजा करायची नसते. शेठच्या गावी होड्यांना आणि नांगराला तेच, भाताच्या गिरणीला तेच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पूजा अकराला म्हणाले होते, म्हणून मी लवकर येऊन मुख्य मशीनचं काम लावलं. पडद्यावरची कामाची पट्टी अर्ध्यावर आली आणि शेठ सहकुटुंब हजर. मी हात जोडून सांगितलं, की हे एवढं होऊ द्या. ते हो हो म्हणाले. मी माळ आणायला खाली गेलो आणि वर येतो तर आरती सुरू आणि मेन स्विच खाली.

तरी काही बिघडलं नसतं, कारण मशीनला यूपीएस होता. पण वीज गेली की यूपीएस बोंबलतो. भर आरतीत तो पीं-पीं करायला लागला म्हणून शेठनी त्याचंही बटण दाबलं. आणि त्या अर्धवट मेलेल्या मशीनपुढे नारळ फोडला.

दिपा सोन्याची पानं वाटत होती. हौसाबाईंनी पान घेतलं नाही. कोपऱ्यात उभ्या राहून मशीनकडे बघत होत्या.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

उठवलं. मेलेलं मशीन मी उठवलं, आणि हे पनवेलात दुसऱ्या कुणाला जमलं असतं तर सांगा.

युक्ती रत्नागिरीची आहे. त्याच जातीचं दुसरं मशीन चालू करायचं, चालू असतानाच त्याची बायोसची चिप उपसायची, जागी मेलेली बसवायची, आणि मशीनला कळायच्या आत तिच्यात नव्यानं लिहायचं. मग चिपा आपापल्या घरी. हात हलला तर दोन्ही गेली. माझा हलला नाही.

चालू झालं. फक्त सुरुवातीला काळ्या पडद्यावर एक ओळ येते. इंग्रजीत असते; अर्थ असा, की आठवणीचा हिशेब जुळत नाही, मूळची सेटिंग घेतली आहे, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. ही नेहमीची तक्रार आहे. आतला सेल उतरला की मशीन तारीख-वार विसरतं आणि कारखान्यातून निघालं तसं कोरं होतं. एफ-वन दाबलं की गाडी पुढे जाते.

शेठनी पहिलं बटण स्वतःच्या हातानं दाबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईला घरी येऊन सगळं रंगवून सांगितलं. तिनं माझी दृष्ट काढली.

८ ऑक्टोबर, शनिवार

नवा सेल घातला. तीच ओळ. म्हणजे सेल नाही.

शेठना म्हटलं, परवा तुम्ही मेन बंद केला नसता तर ही भानगड झाली नसती. ते म्हणाले, मी कवा मेन बंद केला? मी त्याला हात पन नाय लावला. चेहरा इतका भाबडा, की एखाद्यानं विश्वास ठेवला असता. अख्ख्या खोलीनं पाहिलेली गोष्ट माणूस शांतपणे नाकारतो. टिपून ठेवतो आहे.

१० ऑक्टोबर, सोमवार

एफ-वन आता दिपा दाबते. मशीन तिचं, सकाळी पहिली येते तीच.

आज मला म्हणाली, तुमचं नाव काय म्हणालात? मला वाटलं चेष्टा. मी म्हटलं, चंपतराव. तिनं मान डोलावली आणि दिवसभर मला चंपतराव म्हणून हाक मारली. हसली एकदाही नाही.

११ ऑक्टोबर, मंगळवार

माझा बारीक स्क्रू-ड्रायव्हर दिपानं परवा घेतला होता. मागितला तर म्हणते, मी कुठे घेतला? तिच्याच खणात होता. काढून दाखवला तर उलट मलाच विचारते, तुम्ही माझा खण का उघडलात.

आधी शेठ, आता ही. काहीतरी शिजतंय. माझ्या जागी शेठना आपला कुणी भाचा-पुतण्या आणायचा असणार आणि मला वेड्यात काढून घालवायचा बेत असणार. आईला सांगितलं. ती म्हणाली, लोकांना एवढा वेळ नसतो रे. आईचा माणसांवर भलताच विश्वास.

१२ ऑक्टोबर, बुधवार

शेठ सकाळी आल्या आल्या माझ्याकडे आले आणि म्हणाले, की जीवनभाव, माफी करा, दसऱ्याला मेन मीच बंद केला होता आणि त्या पेटीचं बटणही. रात्री अचानक आठवलं. आठवतं तर सगळं आठवतं, आरती कोणती चालली होती तेसुद्धा. मग मधले चार दिवस कुठे गेलं होतं, देव जाणे.

मी बरं म्हटलं. माझा विश्वास बसलेला नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

हे मला नीट लिहिलं पाहिजे.

संध्याकाळी खाली गलका झाला. जाऊन पाहतो तर एक मोटारसायकलवाला दिपाचा हात धरून तिला गाडीवर बसायला सांगतो आहे आणि ती अंग चोरून किंचाळते आहे, की मी यांना ओळखत नाही. माणसं जमली. मी पुढे होऊन त्याची कॉलर धरली. तो म्हणत होता, अहो बायको आहे माझी. मी म्हटलं, सगळे असंच सांगतात. कुणीतरी त्याच्या थोबाडीत मारली. मग मीही मारली.

शेठ धावत आले आणि मध्ये पडले. तो भरत होता. तिचा भरत, ज्याची ती भेंडीसाठी माफी मागायची. ओठ फुटला होता त्याचा. तो रडत नव्हता, नुसता दिपाकडे बघत होता. शेठनी तिला विचारलं, की पोरी, गल्यात मंगलसूत्र कुनाचा हाय? तिनं ते हातात धरून पाहिलं. म्हणाली, माहीत नाही, गळ्यात होतं.

तिच्या आईला बोलावून तिला बेलपाड्याला पाठवलं. माहेर तिला ओळखू येतं. तिची आई म्हणत होती, पोरगी लग्नाआधी होती तश्शी झाली.

मूळची सेटिंग.

१५ ऑक्टोबर, शनिवार

रात्रभर विचार केला, आता कागदावर.

शेठनी सात तारखेला एफ-वन दाबलं आणि दसऱ्याची सकाळ विसरले. मग दिपा रोज दाबत राहिली आणि शेठना आठवलं. चिपेत जागा थोडी असते. नवीन लिहायचं तर जुनं सोडावं लागतं. दिपाचं घ्यायला बायोसनं शेठचं परत दिलं.

हे मी लिहितो आहे, ज्यानं आयुष्यात भुताच्या गोष्टीला हसण्यापलीकडे काही केलं नाही.

हौसाबाईंना विचारलं. त्यांना काही नवल वाटलं नाही. म्हणाल्या, अर्धा जीव असताना त्याच्यापुढं नारल फोरलाव, आता तो मान घेतल्याबिगर उठनार नाय. त्यांच्याकडे नव्या होडीला समुद्रात घालण्याआधी मान, म्हणजे बळी, देतात. इथे न विचारता दिला गेला, आणि कुणाचा ते ठरलं नव्हतं.

मशीन दुरुस्त करताना मीही एकदा-दोनदा दाबलं असेलच. मग माझं काय गेलं? जे गेलं ते आठवत नाही, मग शोधायचं कसं? आईला सगळं सांगितलं, अथपासून इतिपर्यंत. तिला पटलं की नाही कळलं नाही, पण ती माझ्याशी आमच्या जुन्या गोष्टी बोलत बसली. सगळ्या आठवल्या. माझं असेल ते दिपाच्या दाबण्यानं परत आलं असेल. बरं वाटलं.

१७ ऑक्टोबर, सोमवार

शेठ म्हणतात, डबा भंगारात द्या. मी नको म्हटलं. मशीन मोडलं तर आत असलेलं दिपाचंही मोडेल. मागच्या खोलीत ठेवलं आहे.

एफ-वन टाळायचे सगळे उपाय करून पाहिले. चुकीवर थांबू नको असं आत लिहून ठेवलं; बंद करून चालू केलं की विसरतं. कीबोर्ड काढून घेतला तर म्हणतं कीबोर्ड सापडत नाही, एफ-वन दाबा. दुसऱ्या एखाद्या दिवशी याला हसलो असतो.

भरत जिन्यात बसून आहे. हातात रिकामा डबा. मी त्याची माफी मागितली तर म्हणाला, तुमच्या जागी मी असतो तर मीही मारलं असतं. आणि विचारलं, तिला बरं वाटेल ना.

वाटेल, म्हणालो. हे बोलून बसलो आता.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

दाबलं. मुद्दाम. मी.

दुपारी बेलपाड्याहून फोन. दिपाला एकदम भरतची मोटारसायकल आठवली, तिचा नंबर आठवला. माणूस अजून नाही. म्हणजे माझा तर्क बरोबर. तो घेतो माझं आणि सोडतो तिचं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, मोत्या आठवतो का? मी म्हटलं कोण मोत्या. ती हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, तो कुत्रा आपल्याकडे होता बारा वर्षं, तुझ्या पायाशी मेला. मला कुत्र्याचं काहीच आठवत नाही. वाईटही वाटत नाही. नसलेल्या कुत्र्याचं वाईट कसं वाटणार?

कुत्रा गेला तर गेला.

१९ ऑक्टोबर, बुधवार

दोनदा दाबलं.

दिपाला लग्नाचा मांडव आठवला. नवरदेवाच्या जागी कुणी दिसत नाही म्हणते.

आईनं आज मला दारातच अडवलं. म्हणाली, उद्या तिथं जायचं नाही. परक्याच्या संसारासाठी तू स्वतःला किती पुसणार? मी म्हटलं, मशीन मी उठवलं. ती म्हणाली, बंद दुसऱ्यानं केलं. खरं आहे. पण कॉलर मी धरली होती.

घरातली एक खुर्ची ओळखीची वाटत नाही. भिंतीवर एका माणसाचा हार घातलेला फोटो आहे. आईला विचारलं कोण. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

२० ऑक्टोबर, गुरुवार

दाबलं. किती वेळा ते –

भरतचा फोन. दिपानं स्वतः फोन केला त्याला. रडत होती, ओठाला औषध लावलं का विचारत होती. आली. पूर्ण आली. तो मला दादा म्हणाला.

झालं. काम फत्ते. आता घरी.

२० ऑक्टोबर, संध्याकाळ

घरात एक बाई आहे.

कुलूप मी उघडलं नाही. दार आतून उघडलं. पन्नाशीची, हिरवं लुगडं, कपाळावर काही नाही. मला बघून म्हणाली, आलास, हातपाय धू. जणू रोजचंच. मी विचारलं, कोण आपण. तिनं पदर तोंडात धरला. चांगली नटते.

शेजाऱ्यांना विचारलं तर ते माझ्याचकडे विचित्र बघतात. म्हणजे तेही तिला सामील.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

गेली नाही. जायला तयार नाही. स्वयंपाकघर बळकावून बसली आहे. फराळाचं करते आहे, चकल्या. मला चकली जराशी करपलेली आवडते हे हिला कुणी सांगितलं? मी हात लावला नाही. त्यात काय घातलं असेल कोण जाणे.

मी एकटा राहतो हे हेरून आली असणार. एकटा माणूस, नवं गाव, ओळखीचं कुणी नाही. जागा बळकावायची असेल.

म्हणते, मी तुझी आई.

मला आई असल्याचं आठवत नाही. असती तर आठवली असती.

२२ ऑक्टोबर, शनिवार

तिनं ही डायरी माझ्यापुढे ठेवली, वाच म्हणाली. वाचली. पानापानावर 'आई'. अक्षर माझ्यासारखं. अगदी माझ्यासारखं – पण मी लिहिलेलं नाही. म्हणजे डायरी तिच्या हाती लागली होती आणि तिनं मधेमधे घातलं. किती दिवस लागले असतील हिला माझं अक्षर गिरवायला? एवढी मेहनत माणूस उगीच करत नाही.

एफ-वनचं सगळं मात्र खरं आहे. ते मला आठवतं. खऱ्यात खोटं मिसळलं की पकडणं अवघड – हिला धंदा कळतो.

आतल्या खोलीला कडी लावून बसलो आहे. ती दारापलीकडे बसून बोलते आहे. मोत्या म्हणून कुणी, बाबा म्हणून कुणी. आवाज चढवत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

उद्या उठून पोलिसात –

२४ ऑक्टोबर, सोमवार

काल सकाळी आवाज थांबला. कडी काढली तर घर रिकामं. चकल्या डब्यात भरलेल्या. केंद्राची किल्ली खुंटीवर नाही. चोरी. म्हटलं ना.

लिहायला घेतलं होतं तेवढ्यात –

आई.

आई, आई, आई. ती आई होती. हिरवं लुगडं बाबांनी घेतलेलं. मोत्या. बाबांचा फोटो. सगळं एकदम आलं, मी जमिनीवर बसलो.

आणि मग कळलं की ते का आलं. किल्ली.

धावत गेलो.

२४ ऑक्टोबर, केंद्रात

मागच्या खोलीत मशीनसमोर स्टुलावर बसली आहे. मांडीवर पिशवी, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. हौसाबाई म्हणाल्या, जीवनची आई हाय सांगितलान, बटन कंचा ते इचारलान. काल दिवसभर बंद करून चालू करत बसली होती. रात्री इथेच पथारी टाकली, आज सकाळी पुन्हा सुरू. मी येईपर्यंत बटण दाबायची थांबली नाही.

मी आई म्हटलं. तिनं पिशवी पोटाशी ओढली. म्हणाली, कोण तुम्ही, मला मुलगा नाही. मी लांज्याची, एसटी कुठून सुटते तेवढं सांगा. मी जवळ गेलो तर स्टूल मागे सरकवलं. माझ्या हाताकडे बघत होती, पिशवी हिसकावीन म्हणून.

कालपरवा मी हिच्याकडे असाच बघत होतो. तरी ती चकल्या करत राहिली.

लांज्याचं घर विकलंय. कुठे जाईल ही?

२५ ऑक्टोबर, मंगळवार

रात्र तिनं हौसाबाईंकडे काढली. माझ्याकडे यायला तयार नव्हती. पोलिसाला बोलावते म्हणाली.

हौसाबाई म्हणतात, मी दाबतं. नाही. त्यांची तीन पोरं आहेत. शेठ दारातून आत येत नाहीत.

मला चालेल ती विसरली तर, असं रात्रभर स्वतःला सांगून पाहिलं. मला ती आठवते, मी सांभाळीन. पण तिच्या जगात कुणी नाही. पन्नाशीची बाई, अनोळखी गावात, प्रत्येक माणूस चोर. माझ्यासारखी झाली आहे ती. तिचा स्वभाव नव्हता हा.

मी दाबतो.

हौसाबाईंना सांगून ठेवलंय – तिनं मला नावानं हाक मारली, की त्याच क्षणी वायर ओढायची आणि डबा खाडीत. तिला पुन्हा बटणाजवळ जाऊ द्यायचं नाही. कितीही रडली तरी. पाण्यात गेलं की माझं गेलं ते गेलं. ते ठरलंय.

चार वेळा दाबलं आतापर्यंत. काल तिनं किती वेळा दाबलं असेल? तिनं आता पिशवी सोडली आहे. माझ्याकडे बघते आहे. अजून नाव येत नाही – ओठ हलतायत –

फोटोतला माणूस कोण ते मला पुन्हा –

लवकर लिहितो.

जीवन. हे तू लिहितो आहेस. अक्षर तुझं आहे, कुणी गिरवलेलं नाही. तुझ्या शेजारी हिरव्या लुगड्यातली बाई बसली आहे. ती सांगेल ते खरं आहे. तू म्हणशील ही सामील आहे, तू म्हणशील पान मागाहून घातलं – तुझा स्वभाव मला माहीत आहे – या एका गोष्टीत, फक्त या एका – संशय घेऊ नकोस. तिच्याबरोबर घरी जा. ती वाढेल ते खा. ती तुझी